मैदानाची लॉबी कुठं आहे?

लॉबी हा शब्द मराठीत शिवीसारखाच वापरला जातो. साखर लॉबी, बिल्डर लॉबी, टँकर लॉबी. माझी तक्रार मात्र उलटी आहे. मैदानाची, पोहण्याच्या तलावाची, नाट्यगृहाची लॉबीच नाही. मंत्रालयात जाऊन ती उभी करायची ज्यांनी, त्या महापालिकाच गप्प आहेत.

हे गप्प बसणं कायद्याला धरून आहे. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका 1949 च्या अधिनियमावर चालतात. त्यातल्या कलम 63 मध्ये बंधनकारक कामं आहेत: पाणी, मैला, रस्ते, दिवे. कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं. ग्रंथालयं, मैदानं, पोहण्याचे तलाव, नाट्यगृहं सगळी तिथं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडेही कामांच्या यादीत ‘मस्ट हॅव’ आणि ‘नाइस टू हॅव’ असे रकाने असतात. दुसऱ्या रकान्यातलं काम कुणी रद्द करत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नाही. ते फक्त दर वेळी पुढच्या रिलीजला ढकललं जातं.

74 व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची दिली. तिच्यात उद्यानं-मैदानं आहेत, सांस्कृतिक कार्याला चालनाही आहे. पण त्यातलं काय आणि किती पालिकांकडे सोपवायचं, हे राज्यानं ठरवायचं. वर पैशाचा प्रश्न. जकात गेली, एलबीटी गेला आणि 2017 पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते, दरसाल आठ टक्के वाढवून. आपली तिजोरी दुसऱ्याच्या हाती असेल तर भांडायला शिकावं लागतं. पालिका भांडतातही, पण उड्डाणपुलासाठी, मेट्रोसाठी, पाण्याच्या कोट्यासाठी. नाट्यगृहाच्या गळक्या छतासाठी एखाद्या आयुक्तानं किंवा महापौरानं मुंबईत ठिय्या दिल्याचं तुम्हाला आठवतं का?

इंग्लंडमध्येही तलाव-व्यायामशाळा ऐच्छिकच आहेत. पण तिथल्या पालिकांची एक संघटना आहे, लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन. सरकारकडे जाऊन बोलणं हेच तिचं काम, आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. जानेवारी 2023 मध्ये तिथल्या सरकारनं वीज-गॅसच्या बिलांत जादा सवलत मिळणाऱ्यांची यादी काढली. तीत ग्रंथालयं आणि संग्रहालयं होती, पोहण्याचे तलाव नव्हते. पाणी तापवण्यावर ज्यांचा सगळा खर्च, तेच बाहेर. पालिकांची संघटना आणि क्रीडा संस्था मागे लागल्या. मार्चच्या अर्थसंकल्पात तलावांसाठी 63 दशलक्ष पौंड आले. एकदाच आले, पुरले नाहीत, हेही खरं. पण मागितले म्हणून आले.

आपल्याकडे शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे. तिथल्या पालिकाही तो वसूल करून ग्रंथालय खात्याला द्यायला टाळाटाळ करतात. पण निदान ते थकवलं म्हणता येतं, कागदावर आकडा असतो. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात उपकरच नाही. जे देणंच नाही ते थकणार कसं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: आधी खड्डे बुजवा, मग नाटकं करा. हे उत्तर देणाऱ्यांच्या सोसायट्यांची माहितीपत्रकं मी वाचली आहेत. क्लबहाउस, जिम, तलाव, बॅडमिंटन, छोटं थिएटर. ‘ॲमेनिटीज’ या एका शब्दाखाली त्यांनी कलम 66 स्वतःपुरतं बंधनकारक करून घेतलं आहे आणि त्याचे पैसे दरमहा मेंटेनन्समध्ये मोजतात. मीही मोजतो. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी सातवीत आहे, तिला पोहायला शिकायचंय. सोसायटीच्या तलावावर ‘फक्त रहिवाशांसाठी’ ही पाटी आणि दहा मिनिटांवरच्या पालिकेच्या तलावावर दोन वर्षं ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही. म्हणजे विरंगुळा चैनीचा आहे की गरजेचा, हा वाद शहरात कधीच मिटलाय. ज्याला परवडतं त्यानं तो गरजेचा ठरवला आणि विकत घेतला. खड्डे तर तरीही आहेत. तलाव बंद ठेवून जे पैसे वाचले त्यांनी कुठला रस्ता गुळगुळीत झाला, ते कुणी दाखवावं.

मुंबई-पुण्याच्या पालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. राज्य सरकारनंच नेमलेला अधिकारी राज्य सरकारपुढे हट्ट धरेल, ही अपेक्षाच चुकीची होती. आता सभागृहात माणसं आहेत आणि ती सबब संपली आहे.

नव्या नगरसेवकांनी फीत कापायला नवं क्रीडासंकुल मागू नये. बांधायला पैसे मिळतात. जीवरक्षक, माळी, रंगमंचावरचे तंत्रज्ञ, पाणी शुद्ध करणारं यंत्र यांना मिळत नाहीत. मागायचं ते असं: तलाव, मैदानं, ग्रंथालयं आणि नाट्यगृहं कलम 66 मधून 63 मध्ये आणा, आणि जीएसटी भरपाईतला ठरावीक हिस्सा त्यांच्या देखभालीला बांधून द्या. एका पालिकेनं मागितलं तर फाइल पडून राहील. पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर यांनी एकच मसुदा आपापल्या सभेत मंजूर करून अधिवेशनाच्या आधी पाठवला, तर निदान नकार तरी लेखी द्यावा लागेल.

मसुदा दोन पानांत बसतो. तो टंकून द्यायला मी तयार आहे, फुकट.