ओट्याची उंची कोण ठरवणार?

दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरांतून एक विषय हमखास निघतो, 'यंदा किचनचं काहीतरी करायचं!' मग मॉड्युलर किचनची गुळगुळीत माहितीपत्रकं घरात येतात. लाल-पांढऱ्या शटर्सची ती स्वयंपाकघरं अशी, की तिथे कधी फोडणी उडालीच नसावी! मग कुणीतरी खर्चाचा आकडा विचारतं, घरात शांतता पसरते आणि विषय पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो. तोवर बाई आहेच, त्याच गळक्या नळाशी, त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात.

स्वयंपाकघर सुधारायला लाख-दोन लाख हवेतच, हा समज आपल्या कंबरेला फार महागात पडलाय. पैसे थोडे असतील तर ते आधी दिसण्यावर नव्हे, तिथे राबणाऱ्या शरीरावर खर्च व्हायला हवेत. आणि काय हवं ते त्या शरीराच्या मालकिणीनंच ठरवायला हवं.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, आपल्या देशात घरकाम करणारी बाई बिनमोलाच्या घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, आणि पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास! त्यातला मोठा वाटा ओट्यापाशी उभ्यानं जातो. आपल्या आज्या पाटावर बसून चुलीपुढे रांधायच्या. गॅस आला, ओटा आला, बाई उभी राहिली. पण हा ओटा किती उंच असावा, हे तिला कुणी विचारलं का? गवंडी सांगतो, 'ताई, सगळीकडे चौतीस इंचच असतो.' सगळीकडे असेल हो, पण सगळ्या बायका एका मापाच्या असतात का?

माप काढणं अगदी सोपं आहे. चप्पल घालून काम करत असाल तर चप्पल घालून सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की तुमच्या ओट्याची उंची मिळते. माझी उंची पाच फूट. माझा हिशोब बत्तीस इंचांवर आला आणि जुना ओटा होता साडेचौतीस! त्यावर शेगडीची उंची आणखी पाच-सहा इंच. म्हणजे वर्षानुवर्षं खांदे उचलून भाजी परतणं चाललेलं. मग आम्ही भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि गवंड्याला म्हटलं, 'भाऊ, ओटा इथपर्यंतच.' ओटा फोडणं परवडणारं नसेल तर निदान पोळ्यांसाठी बसून लाटता येईल असं कमी उंचीचं टेबल घ्या. गुडघे दुवा देतील.

आमचं बजेट होतं चाळीस हजार. अंथरूण पाहून पाय पसरायचे, म्हणून पैसे कुठे घालायचे नाहीत ते आधी ठरवलं. शटर्स नाहीत; ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि पुढे मी शिवलेले पडदे. सिंकची जागा हलवली नाही, कारण पाइप हलवला की फोडाफोड, वॉटरप्रूफिंग आणि खालच्या मजल्याशी वाद, असं सगळंच वाढतं. भिंतीच्या जुन्या टाइल्स ठोकून पाहिल्या. पोकळ वाजल्या तेवढ्याच काढल्या, बाकीच्यांवर टाइल चिकटवायच्या मसाल्यानं नव्या बसवल्या. ओट्यावर मात्र ग्रॅनाइट घेतला. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीच्या जातीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की त्यावर डाग उठतात, आणि आपल्या स्वयंपाकात आंबट तर रोजचंच! टाइल्सच्या फटी भरणं, भिंत घासणं, रंग देणं ही कामं आमचे हे, मुलगी आणि मी मिळून दोन रविवारांत उरकली. वाचलेल्या मजुरीत एक्झॉस्ट फॅन आला आणि ओट्यावर नेमका उजेड पाडणारा दिवा. आता भाजी चिरताना माझीच सावली विळीवर पडत नाही.

पण मैत्रिणींनो, दोन ठिकाणी काटकसर नको. वीज आणि गॅस. मिक्सर, ओव्हन, फ्रिज एकाच प्लगला जोडू नका. वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, नळी आयएसआय मार्कची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर शोभेसाठी बंद कपाटात कोंडला असेल, तर त्या कपाटाला खालच्या बाजूला हवेची भोकं हवीतच.

बचत गटाचं काम करताना दिसतं, की स्वयंपाकघरासाठी कर्ज बाईच्या नावावर निघतं, हप्ता ती शिलाईतून, पापड-लोणच्यातून फेडते, पण टाइल्सचा रंग नवरा ठरवतो, ओट्याची जागा सासरे ठरवतात आणि उंची गवंडी! तिच्या वाट्याला येतं फक्त 'छान झालंय हं' म्हणणं. आणि जिला कुणीच विचारत नाही ती म्हणजे भांडी घासायला येणारी मावशी. मोरीचा उतार बरोबर नसला तर पाण्यात ती उकिडवी बसते, आपण नाही. आमच्याकडे मोरीचं काम काढलं तेव्हा मी आधी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, 'नळ जरा उजवीकडं घ्या, अन् बसायला एक कट्टा द्या.' दोन्हीला मिळून हजार रुपयेसुद्धा लागले नाहीत.

गंमत म्हणजे, आज श्रीमंती थाट वाटणाऱ्या या मॉड्युलर किचनचा उगमच मुळी काटकसरीतला आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या परवडणाऱ्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जागा जेमतेम सत्तर चौरस फूट. बाईची पावलं वाचावीत म्हणून सगळं हाताशी, आणि बसून काम करायला फिरतं स्टूलसुद्धा! आपण त्यातली शटर्स उचलली, स्टूल मात्र विसरलो.

यावर कुणी विचारेल, 'ओटा बाईच्या मापाचा केला, मग पुरुषांनी स्वयंपाक करायचाच नाही का?' जरूर करावा! ज्या दिवशी घरातला पुरुष रोजच्या पोळ्या लाटायला येईल, त्या दिवशी त्याचंही कोपर मोजू आणि दोघांच्या मधलं माप काढू. तोवर माप तिचंच.

म्हणून सांगते, माहितीपत्रकं नंतर चाळा. आधी वीस-पंचवीस रुपयांची वही आणि एक टेप आणा. आठवडाभर स्वयंपाक करताना कुठे वाकावं लागतं, कुठे अंधार पडतो, काय दुखतं, ते लिहून काढा. मग त्या यादीतली पहिली तीन कामं करा, आणि पैसे संपले तर तिथेच थांबा. शटर्स काय, पुढच्या दिवाळीलाही येतील. पाठ मात्र आपल्याला एकच मिळालेली आहे!