रुग्ण पोहोचतो, माहिती मागे राहते

भातलावणीच्या दिवसांत कोकणातल्या एखाद्या वाडीवर शेतात राबणाऱ्या बाईला घोणस चावते. घरची माणसे मिळेल त्या वाहनाने तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणतात. तेथील वैद्यकीय अधिकारी प्रतिविष सुरू करतात आणि पुढील उपचारांसाठी तिला जिल्हा रुग्णालयाकडे पाठवितात. दोन-अडीच तासांनी ती तेथे पोहोचते, तेव्हा नातेवाइकाच्या मुठीत एक चुरगळलेली चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, वय, ‘सर्पदंश’ हा शब्द आणि ‘पुढील उपचारार्थ रवाना’ एवढाच मजकूर असतो. दंश किती वाजता झाला, प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या, पहिली कुपी केव्हा दिली, यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो. डॉक्टरांनी विचारले तर नातेवाईक एवढेच सांगू शकतो, ‘सलाईन लावलं होतं, साहेब.’

ही उणीव किरकोळ नव्हे. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. ती शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलविता ठेवतात. प्रतिविषाची पहिली मात्रा दिल्यावर साधारण सहा तासांनी ही चाचणी पुन्हा करून दुसऱ्या मात्रेचा निर्णय घ्यावयाचा असतो. हे सहा तास कोणत्या क्षणापासून मोजावयाचे, हेच जर पुढच्या डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात. महागडे औषध पुन्हा आरंभापासून देणे, किंवा वाट पाहणे. पहिल्यात पैशाचा अपव्यय आहे, दुसऱ्यात जिवाचा धोका. पाच ओळींच्या मजकुराने हे दोन्ही टळले असते.

आपल्याकडे तातडीच्या वैद्यकीय सेवेची चर्चा सुरू झाली की ती वाहने, इमारती आणि यंत्रे यांभोवती फिरते. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. तिने खेड्यापाड्यांतील रुग्णाला रुग्णालयाच्या दारापर्यंत आणण्याचे मोठे काम केले आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु दारापर्यंत येणे म्हणजे उपचार नव्हे. एका हातातून दुसऱ्या हातात रुग्ण जातो, त्या वेळी त्याच्याविषयीची माहितीही जाते की नाही, या प्रश्नाचे उद्घाटन होत नाही, त्यावर फीत कापता येत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात त्याला स्थान मिळत नाही. वस्तुतः माहिती ही अशी संपत्ती आहे, की ती दुसऱ्याला दिल्याने देणाऱ्याकडची कमी होत नाही. ती निर्माण करण्याचा खर्च एकदा होऊन गेलेला असतो. तपासणी झालेली असते, औषध दिलेले असते. उरतो तो फक्त लिहिण्याचा आणि सांगण्याचा खर्च, आणि नेमका तोच वाचविला जातो.

नोंदीचे मोल वैद्यकशास्त्राने फार पूर्वी ओळखले आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे वर्णन पूर्वी ‘गुंगीत’, ‘अर्धवट शुद्धीवर’ अशा शब्दांनी केले जाई. एका डॉक्टराची गुंगी ही दुसऱ्याची ग्लानी असे. १९७४ साली ग्लासगो विद्यापीठातील टीसडेल आणि जेनेट या दोघांनी यावर एक साधा तोडगा प्रसिद्ध केला. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण द्यावयाचे. त्यांची बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ होते. या मोजपट्टीला कोणतेही यंत्र लागत नाही. तिचे खरे सामर्थ्य तुलनेत आहे. तालुक्याच्या गावी १४ असलेला आकडा जिल्ह्याच्या गावी ९ झाला, तर मेंदूत काही तरी वेगाने बिघडत आहे हे तत्काळ कळते. परंतु पहिला आकडा कोणी टिपलाच नसेल, तर दुसरा आकडा मुका राहतो. अर्धांगवायूच्या झटक्याचेही तसेच आहे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रुग्ण धडधाकट असल्याचे शेवटचे केव्हा दिसले, ही वेळ कोणी विचारून लिहिली नसेल, तर औषध कपाटात असूनही डॉक्टरांचा हात आखडतो.

माहितीच्या अभावी काय घडते, याचा एक दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात कायमचा नोंदला गेला आहे. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. गावच्या आरोग्य केंद्राने त्याला पुढे पाठविले. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कलकत्त्यातील एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्याकडे नेला जात होता. कोठे खाट नव्हती, कोठे सोय नव्हती. अखेर त्याला खाजगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने उपचार घ्यावे लागले. १९९६ साली निकाल देताना न्यायालयाने त्यास पंचवीस हजार रुपये भरपाई मंजूर केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळून रुग्णास थेट तेथे पाठविता यावे, यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी, असा आग्रह त्या निकालात धरला गेला. रिकामी खाट कोठे आहे हे कोणास ठाऊकच नसेल, तर ती असून नसल्यासारखी. टंचाई नेहमी वस्तूचीच असते असे नाही. कित्येकदा ती वार्तेची असते.

अशी व्यवस्था अशक्यप्राय आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. २०२० साली करोनाच्या साथीत मुंबई महानगरपालिकेने विभागवार नियंत्रण कक्ष उघडले आणि खाटांचे वाटप त्यांच्यामार्फत केले. ज्या शहरात नातेवाईक खाटेसाठी वणवण करीत होते, तेथे एक दूरध्वनी आणि एक अद्ययावत यादी यांनी पुष्कळ काही साधले. साथीसाठी जे जमले, ते अपघातासाठी, प्रसूतीतील रक्तस्रावासाठी आणि सर्पदंशासाठी का जमू नये?

यावर एक आक्षेप हमखास येतो. तीन डॉक्टरांचे काम एकावर पडले असताना त्याने रुग्ण तपासावा की कागद भरावे? आक्षेप प्रामाणिक आहे. तथापि, त्याच डॉक्टराकडून आज कागद कमी भरून घेतले जात नाहीत. अपघाताच्या रुग्णासाठी पोलिसांची नोंद, नातेवाइकांची संमतिपत्रे, योजनांचे अर्ज हे सारे भरलेच जाते. १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्यापासून तर लेखनाची सावधगिरी वाढलीच आहे. दोष लेखनाच्या प्रमाणात नाही, ते कोणासाठी केले जाते यात आहे. आपला बचाव व्हावा म्हणून लिहिलेला कागद न्यायाधीशाला उद्देशून असतो. पुढच्या डॉक्टरांना उद्देशून लिहिलेला कागद रुग्णाच्या उपयोगी पडतो. आणि तो बहुधा पहिल्यापेक्षा आखूड असतो. कायद्याची औपचारिकता जीव वाचविण्याच्या आड येऊ नये, हे तर परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले गेले आहे.

तेव्हा करावयाचे काय? साऱ्या राज्यात एकच, एका पानाचा पाठवणी-तक्ता असावा. घटनेची वेळ, पहिल्या तपासणीतील नाडी, रक्तदाब व शुद्धीचा आकडा, दिलेली औषधे, त्यांची मात्रा आणि वेळ, पाठविण्याचे कारण, एवढे रकाने पुरेत. रुग्ण निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनी जावा आणि तो कोणी घेतला याची नोंद व्हावी. तोंडी सांगितलेली मात्रा ऐकणाऱ्याने उलट म्हणून दाखवावी. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरील शिस्तीतून आलेली पद्धत आज अनेक देशांतील रुग्णालये वापरतात. तीत परिस्थिती, पूर्वपीठिका, निदान आणि मागणी या चार पायऱ्यांनी निरोप द्यावयाचा असतो. ती परिचारिकेला आणि रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याला मराठीत शिकविण्यास कोणती अडचण आहे? यासाठी लागणारा निधी एका नव्या रुग्णवाहिकेच्या किमतीपुढे नगण्य आहे. लागते ती फक्त सवय, आणि सवय लावण्याची जबाबदारी वरिष्ठांची असते.

आज रुग्ण हलविला की पाठविणारा आपले काम संपले असे समजतो आणि घेणारा आपले काम शून्यापासून सुरू करतो. या दोघांमधील मोकळ्या जागेत जे दगावतात, त्यांच्या मृत्यूचे कारण कोणत्याही दाखल्यावर ‘अपुरी चिठ्ठी’ असे लिहिले जात नाही. म्हणूनच ते कारण कधी मोजले जात नाही, आणि दूरही होत नाही.