रात्री बारानंतरची अभ्यासिका

नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो. 180 प्रश्न, 720 गुण आणि 2025पासून नेमके तीन तास. एका प्रश्नाला एक मिनिट. डोकं तल्लख हवं ते भर दुपारच्या या तीन तासांत. लातूरच्या ट्यूशन एरियातली आणि नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगर भागातली आपली लेकरं मात्र दोन वर्षं सवय लावून घेतात ती रात्री दोनला जागं राहण्याची. दुपारी दोनला वर्गात त्यांचे डोळे मिटत असतात.

‘24 तास खुली, एसी, वायफाय, स्वतंत्र केबिन’ अशा पाट्या दोन्ही शहरांत गल्लोगल्ली दिसतात. अशा अभ्यासिकेत पालकांनी एकदा रात्री बारानंतर जाऊन यावं. प्लायवूडच्या तीन फळ्यांमधला तो कप्पा, वर ट्यूब, बाजूला चार्जिंगचा सॉकेट, समोर चिकटवलेलं टेस्टचं वेळापत्रक. एका कप्प्यात एनसीईआरटीचं जीवशास्त्राचं पुस्तक उघडं पाहिलं. एकाच परिच्छेदाखाली निळी, हिरवी आणि लाल अशा तीन रेघा ओढलेल्या, आणि त्याच पानावर कपाळ टेकवून मुलगा गाढ झोपलेला. शेजारच्यानं त्याला हलवून जागं केलं. दया म्हणून, मैत्री म्हणून. उठून बसला आणि पुन्हा तोच परिच्छेद वाचू लागला.

ही मुलं आळशी नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवं. त्यांच्या जागण्यामागे धाक आहे, शेजारच्या खोलीतली लाईट अजून बंद झालेली नाही ही धास्ती आहे. पण त्याहून खोलवर दुसरंच काही आहे. औसा, निलंगा, कंधार, मुखेडकडच्या घरांत जागरण म्हणजेच कष्ट, हे लेकरू लहानपणापासून बघत आलेलं असतं. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की कडाक्याच्या थंडीत बाप बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो. विंचूकाट्याचं भय, पाय चिखलात, घरात आई जागी. तिकडं बाप पाण्यावर असताना इथं पंख्याखाली निवांत झोपायचं कसं, असं मुलाला वाटतं. फोनवर आईही कौतुकानं सांगते, “लेकरू लई कष्ट करायलंय, रातभर झोपंना गेलंय.”

या भावनेपुढे मी हात जोडतो. पण बाप रात्री जागतो तो लाईट रात्री येते म्हणून. त्याला दिवसा वीज मिळावी यासाठी तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणावी लागली. रात्रीचं पाणी देणं ही त्याच्यावर लादलेली अडचण होती, तो त्याचा आदर्श नव्हता. मुलापुढे ती अडचण नाही. त्याच्या अभ्यासाला दिवस मोकळा आहे.

झोपेत शरीर थकवा काढतं एवढंच आपल्याला ठाऊक असतं. दिवसभरात वाचलेलं, सोडवलेलं मेंदू पक्कं करतो तेही झोपेतच. झोप कापली की ते काम अर्धवट राहतं आणि दुसऱ्या दिवशी ‘काल तर पाठ होतं’ असं म्हणायची वेळ येते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं निद्राविकारांवर काम करणारे डॉक्टर सांगतात. शिवाय या वयात झोप मुळातच उशिरा येते, कारण झोपेची खूण देणारं मेलॅटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा पाझरू लागतं. रात्री अकराला डोळा लागणाऱ्या मुलाला पहाटे पाचच्या बॅचला बसवणं म्हणजे त्याच्या झोपेचा शेवटचा तुकडा काढून घेणं. भर म्हणून चहा. त्यातल्या कॅफीनला निम्मं ओसरायला साधारण पाच तास लागतात. अकराला घेतलेला कडक चहा पहाटे चारलाही अंगात असतो.

जेवणाचं फार लांबवत नाही. मेसचा डबा दारात गार होतो, सकाळचा नाष्टा बुडतो, मग वडापाव आणि नूडल्स. ज्वारीच्या पट्ट्यातल्या मुलांना आठवडा आठवडा भाकरी दिसत नाही. ज्यांना जमतं ती घरं आई नाही तर आजीला खोली करून लातुरात ठेवतात. साठी उलटलेली आजी अनोळखी गल्लीत, एका खोलीत, नातवाच्या वेळा सांभाळत दोन वर्षं काढते. त्या आजीचा हिशोब कोणत्याच निकालाच्या फ्लेक्सवर येत नाही.

चालण्या-खेळण्याचं मात्र बोललंच पाहिजे. या वयाला रोज किमान तासभर अंग हलेल, दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नांदेडला गोदेचा काठ आहे, विसावा उद्यान आहे. लातूरला नाना-नानी पार्क आहे. मुलं एखादा रविवार तरी तिकडं फिरकतात. मुलींचं काय? होस्टेलचं दार संध्याकाळी लवकर बंद होतं, रूमवर राहणाऱ्या मुलीला फाटकाबाहेर पडायलाही कारण सांगावं लागतं. क्लास, मेस, खोली या तीन टोकांत त्यांची दोन वर्षं जातात. मुलींना पहाटे निर्धास्त पळता येईल असा उजेडाचा रस्ता ट्यूशन एरियाच्या जवळ करून देणं महापालिकेच्या आवाक्यातलं आहे. या मुलामुलींच्या भाड्यावर, मेसवर, पुस्तकांवर शहराचा केवढा बाजार चालतो. एवढं देणं शहर त्यांना लागतं.

‘लातूर पॅटर्न’ हे नाव घेऊन रात्रीचं जागणं पवित्र करून टाकलं जातं, त्याचं वाईट वाटतं. राजर्षी शाहू महाविद्यालयातून तो पुढे आला तेव्हा त्याचं बळ होतं सरावात. जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवायच्या, चूक कुठे झाली ते शिक्षकासोबत बसून शोधायचं. खेड्यातल्या मुलाला मोठ्या शहराच्या तोडीस तोड उभं करणारी ती शिस्त होती. झोप मोडणं हा तिचा गाभा कधीच नव्हता. पहिल्यांदा घर सोडलेल्या सतरा वर्षांच्या मुलानं स्वतःचा दिवस स्वतः लावायला शिकणं, दमलो तर दिवा मालवण्याचं धाडस करणं, हेही शिक्षणच आहे. उद्या डॉक्टर होऊन तो रुग्णांना काय सांगणार आहे?

दिवा मालवूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, मुलगा फोनवर गप्प गप्प होत असेल, तर त्याला ‘मन लावून कर’ म्हणू नका. त्याच्याकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा फुकटचा नंबर दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीतही बोलता येतं. तो मुलाच्या मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी 2024मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, फार पहाटे किंवा फार रात्री वर्ग नकोत, आठवड्याला एक सुट्टी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, असं त्यात आहे. प्रवेशाच्या दिवसांत आपण फीवर घासाघीस करतो, हप्ते पाडून मागतो. त्याच टेबलावर बसून आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: पहिली बॅच किती वाजता, शेवटची किती वाजता सुटते आणि रविवार खरोखर मोकळा आहे का. दहा पालकांनी विचारलं तर टाळतील, दोनशेंनी विचारलं तर वेळापत्रक बदलावं लागेल.