मार्गदर्शक की मालक?

आषाढी पौर्णिमा आली की आपल्या विद्यापीठांतून व महाविद्यालयांतून गुरुमहिम्याच्या व्याख्यानांस भरती येते. शाल व श्रीफळ यांच्या साक्षीने एक ठरलेले गाऱ्हाणे दरसाल ऐकावयास मिळते: पूर्वीची गुरुभक्ती आता उरली नाही, आजचा विद्यार्थी पदवी हाती पडताच पाठ फिरवितो, कृतज्ञता हा गुणच लोपला. हे गाऱ्हाणे मांडणारे बहुधा स्वतः गुरुपदावर विराजमान असतात, आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्यांस उलट बोलण्याची सोय नसते. त्यामुळे हा एकतर्फी निकाल वर्षानुवर्षे कायम होत आला आहे. त्यावर अपील करावे एवढ्यासाठीच हा लेख. आमचे म्हणणे असे की, उणीव शिष्यांच्या भक्तीत नसून गुरूंच्या कर्तव्यबुद्धीत आहे. आणि मार्गदर्शन हे गुरूचे देणे न मानता शिष्याच्या माथी बसलेले कर्ज मानले जाईल, तोवर आपल्या विद्याक्षेत्राची वाढ खुंटलेलीच राहील.

प्रथम एक गोष्ट निःसंकोचपणे कबूल केली पाहिजे. मनुष्य केवळ स्वतःच्या बळावर मोठा होतो, ही समजूत आम्हास मान्य नाही. अंगी कितीही बुद्धी असली तरी ती कोणत्या ग्रंथाकडे वळवावी, कोणाचे दार ठोठवावे, अर्ज कसा लिहावा आणि अपयश आले असता पुन्हा उभे कसे राहावे, हे सांगणारा कोणीतरी लागतोच. ज्या घरात दोन पिढ्या प्राध्यापकी अथवा वकिली चालली आहे, त्या घरच्या मुलास ही विद्या जेवणाच्या पाटावर आयती मिळते. परंतु ज्याच्या घराण्यात कॉलेजची पायरी प्रथमच चढली जात आहे, त्याला ती मिळण्याचे ठिकाण एकच; ते म्हणजे त्याचा मार्गदर्शक. म्हणून मार्गदर्शन बरे की वाईट, हा शिष्टाचाराचा प्रश्न नसून न्यायाचा प्रश्न आहे.

या बाबतीत एक उदाहरण असे आहे की, त्याचा उल्लेख आपण वारंवार करतो, पण त्याचा अर्थ क्वचितच ध्यानी घेतो. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा भरलेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांस झेपेना, तेव्हा याच केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकरांचे या मुलाशी ना नाते होते, ना उभयतांची जात एक होती. चर्नी रोडच्या बागेत एकाग्रपणे वाचीत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेस पडला, येथूनच काय तो संबंध सुरू झाला.

याच चरित्रातील दुसरा प्रसंग लंडनचा आहे. १९२३ साली आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. आपल्याकडील प्रस्तावनांची रीत ज्यास ठाऊक आहे, त्याने ती अवश्य वाचावी. आपल्या विद्यार्थ्याच्या बहुतेक युक्तिवादांशी आपण सहमत नाही, हे कॅनन तीत उघडपणे नमूद करतात. आणि तो चुकला असे वाटले तेथेही त्याच्या विचारांच्या ताजेपणाने आपणास चालना मिळाली, अशी ग्वाहीही देतात. मतभेद आहे म्हणून ग्रंथाची पाठराखण नाकारली नाही, आणि पाठराखण करावयाची म्हणून मतभेद लपविला नाही. मार्गदर्शकाचे मोठेपण मोजावयाचे तर या मापाने मोजावे. आपल्याकडील किती मार्गदर्शक या मापास उतरतील, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

सर्वच शिष्यांच्या नशिबी कॅनन येतो असे नाही. इरावती कर्वे १९२८ साली संशोधनासाठी बर्लिनला गेल्या, तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या ज्या सिद्धांतांनी पुढे जर्मनीत अनर्थ माजविला, त्यांच्या पुरस्कर्त्यांपैकी हे एक. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी असावा, असा त्यांचा होरा होता. कर्वे यांनी कवट्या मोजल्या, आणि असा संबंध आढळत नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या संमतीवर आपली पदवी अवलंबून त्याच्याच मताविरुद्ध लिहिण्याच्या या धैर्याचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु विद्येची सारी व्यवस्था शिष्याच्या धैर्यावर उभी करणे, हा शुद्ध अविचार होय. असे धैर्य असामान्यांच्या ठायी असते; व्यवस्था मात्र सर्वांसाठी करावयाची असते.

विद्वत्ता आणि मार्गदर्शन ही दोन एकच, हाही एक रूढ भ्रम आहे. १९३३ साली कमला भागवत, ज्या पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक व नोबेल पारितोषिकाचे मानकरी सी. व्ही. रामन यांनी, त्या स्त्री आहेत एवढ्यासाठी, त्यांस नकार दिला. त्या हटल्या नाहीत; तेव्हा एक वर्षाच्या अजमावणीच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे ज्यांनी त्यांस हाती धरून शिकविले ते श्रीनिवासय्या. १९३९ साली केंब्रिजने त्यांस डॉक्टरेट दिली. रामन यांच्या थोरवीविषयी वाद नाही, आणि त्यांनी पुढे आपले मत बदलले हेही खरे; परंतु त्या मुलीच्या कामी आली ती नोबेलविजेत्याची कीर्ती नव्हे, तर एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या अध्यापकाची आस्था.

आता आजच्या स्थितीकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ संशोधक घेता येतात. संशोधकाने दर सत्रात सल्लागार समितीपुढे आपली प्रगती मांडावी, असेही त्यांत आहे. नियम बरे आहेत. परंतु शिष्य किती घ्यावेत हे सांगितल्याने, घेतलेल्या शिष्याचे लिखाण वाचले जातेच असे नाही. प्रबंधाची प्रकरणे महिनेच्या महिने टेबलावर धूळ खात पडतात. संशोधकास उत्तरपत्रिका तपासण्यास, चर्चासत्राच्या पाहुण्यांची सरबराई करण्यास, क्वचित घरच्या बाजारहाटासही जुंपले जाते. आणि अखेरीस त्याने रात्री जागून लिहिलेल्या लेखावर मार्गदर्शकाचे नाव अग्रभागी झळकते. तक्रार करावी, तर शिष्यवृत्तीच्या कागदावर सही याच गृहस्थांची, प्रबंध सादर करण्याच्या अर्जावर सही यांचीच, आणि पुढे नोकरीसाठी शिफारस हवी तीही यांचीच! एवढी सत्ता ज्याच्या एका हाती एकवटली आहे, त्याच्यापुढे वाकलेल्या मानेस भक्ती म्हणावयाचे की भय, याचा निवाडा वाचकांनीच करावा. सर्वच मार्गदर्शक असे आहेत असे आम्ही म्हणत नाही; जे तसे नाहीत त्यांच्यामुळेच विद्यापीठे अद्याप उभी आहेत. परंतु जे तसे आहेत त्यांस आवर घालणारे कोणी नाही, हे आमचे दुखणे आहे.

विद्यापीठाबाहेरही हेच. नवा वकील ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी करतो, आणि कित्येकदा शिकावयास मिळते हेच त्याचे वेतन ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने अशा कनिष्ठ वकिलांस शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. पण ती शिफारसच, सक्ती नव्हे. ज्याच्या बापाचे घर शहरात आहे तो फुकट शिकू शकतो. ज्यास खोलीचे भाडे भरावयाचे आहे तो दोन वर्षांत काळा कोट उतरवून दुसरी चाकरी धरतो. आणि मग आपण म्हणावयाचे, की नव्या पिढीत चिकाटी नाही!

येथे काही सनातनी मंडळी आक्षेप घेतील की, हक्क व तक्रार ही भाषा पाश्चात्त्यांची. आपल्या परंपरेत गुरूस जाब विचारीत नसतात. या मंडळींनी परंपरेचा एकच भाग निवडून घेतलेला दिसतो. द्रोणाचार्यांनी न शिकविलेल्या शिष्याचा अंगठा मागितला, ती परंपरा यांस आठवते. परंतु इतरत्र सर्वांवर जय इच्छावा, शिष्याकडून मात्र पराजय इच्छावा, असे सांगणारे जुने संस्कृत वचनही याच परंपरेतले आहे, त्याचे काय? आणि इतके दूर तरी कशाला जावे? १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. शिष्याने पानोपानी गुरूचे ऋण गाइले. परंतु निवृत्तिनाथांनी त्या ग्रंथावर सहलेखक म्हणून आपले नाव घातले नाही! शिष्य आपल्याहून मोठा झाला हेच ज्या गुरूचे वैभव, ती आमची परंपरा. तिचे नाव घेऊन जे दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव कोरतात, त्यांस तिच्या आड लपण्याचा अधिकार नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. शिष्याने दिलेले प्रकरण ठरलेल्या मुदतीत वाचून, लेखी अभिप्रायासह परत करावे. ज्या लेखासाठी आपण विचार अथवा श्रम खर्चिले नाहीत, त्यावर आपले नाव घालू नये. मार्गदर्शक बदलण्याची परवानगी त्याच मार्गदर्शकाच्या मर्जीवर ठेवू नये. उमेदवाराच्या कामाचा मोबदला त्याच्या पोटापुरता तरी द्यावा. आणि शिष्याने आपल्या मताविरुद्ध पुरावा आणला, तर तो पुरावा पाहावा, शिष्याची जात, घराणे वा उद्धटपणा पाहू नये.

पुढील गुरुपौर्णिमेस व्यासपीठावरील मान्यवरांनी शिष्यांच्या कृतघ्नतेवर बोलण्याआधी एवढा हिशेब द्यावा: गेल्या वर्षात किती प्रकरणे वाचली, किती शिष्यांस स्वतःच्या पायांवर उभे केले, आणि त्यांपैकी किती जणांनी आपल्याशी मतभेद दाखविण्याचे धाडस केले. हा हिशेब चोख निघाला, तर हार घालावयास आम्ही स्वतः पुढे होऊ.