आधीं भाकर, मग उपदेश

परीक्षेंत अपेक्षेपेक्षां दहा गुण कमी पडले, जिवलग मैत्रिणीनें बोलणें टाकलें, क्रिकेटच्या संघांत नांव लागलें नाहीं, किंवा विशेष कांहीं न घडतां नुसतीच चार दिवस पावसाची झड लागली, कीं शाळेंतून घरीं आलेलें मूल दप्तर कोपऱ्यांत टाकतें आणि भिंतीकडे तोंड करून पडतें. अशा वेळीं आपल्या घरांतून जें घडतें तें बहुतेकांच्या परिचयाचें आहे. कोणी त्याला आळस म्हणतो, कोणी थेरें म्हणतो. वडील आपल्या लहानपणच्या हालअपेष्टांचा पाढा वाचतात. आणि शेजारच्या हुशार मुलाचें उदाहरण तर अशा प्रसंगासाठीं राखून ठेवलेलेंच असतें. या उपदेशांतील प्रत्येक वाक्य कदाचित् खरेंही असेल. परंतु तें ऐकून एखादें मूल उठून बसलें व हसूं लागलें, असें पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आजवर आलेला नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, खिन्न झालेल्या मनाला पहिली गरज उपदेशाची नसते. त्याला झोंप, अन्न, उजेड, थोडी हालचाल व जवळ कोणीतरी माणूस हीं आधीं हवीं असतात. हें मत नवें आहे असें कोणी समजूं नये. ज्या पवित्र शास्त्राचें वाचन मिशनच्या शाळांतून होत आलें आहे, त्यांतच राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत एलीया संदेष्ट्याची हकीकत आहे. कार्मेल पर्वतावर त्याला केवढा विजय मिळाला होता! तथापि ईजबेल राणीची एक धमकी येतांच तो जीव घेऊन पळाला, बैरशेबा येथें आपल्या चाकराला मागें ठेवून एकटाच रानांत एक दिवसाची वाट चालून गेला, आणि एका झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. एवढा धैर्यवान् पुरुष, पण त्याचीही ही दशा झाली.

आतां पुढें काय घडलें तें पहावें. देवदूत आला, पण त्यानें त्याला कालच्या विजयाची आठवण देऊन लाजविलें नाहीं. एलीया निजला होता. त्याला त्यानें स्पर्श करून जागें केलें व खाण्यास सांगितलें. उशाशीं निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी होतें. तो जेवला आणि पुन्हां निजला. पुन्हां एकदां त्याला उठवून जेवूं घातलें, कारण पुढची वाट लांबची होती. मग तो चाळीस दिवस चालत होरेब पर्वतास पोंचला. तेथें गेल्यावर मात्र त्याला प्रश्न विचारण्यांत आला, आणि तोच पुन्हां, सोसाट्याचा वारा, भूकंप व अग्नि हे सारे सरल्यावर, अगदीं मंद स्वरांत. एलीयानें आपलें एकच गाऱ्हाणें शब्दशः दोनदां सांगितलें. दोन्ही वेळां तें ऐकून घेण्यांत आलें. (आपल्यांपैकीं किती पालक तेंच रडगाणें दुसऱ्यांदा ऐकून घेतात?) शेवटीं, तूं एकटा उरला नाहींस, आणखी सात हजार आहेत, असें त्यास सांगितलें गेलें व अलीशाच्या रूपानें एक सोबतीही मिळाला. झोंप, भाकर, पुन्हां झोंप, पुन्हां भाकर, मग चालणें, मग बोलणें, मग काम आणि सोबत. या क्रमांत फेरफार सुचविण्यासारखें आम्हांस कांहीं आढळत नाहीं.

झोंपेचाच विचार प्रथम करूं. अमेरिकेंतील निद्राशास्त्राच्या वैद्यकीय संस्थेनें इ. स. २०१६ मध्यें असें ठरविलें कीं, १३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोंप हवी. आमच्या वरच्या वर्गांतील किती विद्यार्थी एवढे निजतात, हें त्यांनीं आपल्याशींच मोजून पहावें. या वयांत शरीराचें अंतर्गत घड्याळ निसर्गतःच थोडें उशिरां चालूं लागतें, म्हणून रात्रीं लवकर डोळा लागत नाहीं. हा सर्वस्वीं मुलांचा दोष नव्हे. परंतु त्यांत उशाशीं मोबाईल असला म्हणजे अकराचे साडेबारा केव्हां होतात तें कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं साध्या बोलण्यानें डोळ्यांत पाणी येतें, आणि आपण त्याचें कारण जगाच्या निष्ठुरपणांत शोधीत बसतों! आमची सूचना साधी आहे. रात्रीं दहा वाजतां घरांतील सर्व मोबाईल स्वयंपाकघराच्या फळीवर जावेत. सर्व म्हणजे सर्व, आईबापांचेही. मुलाचा काढून घेऊन आपण अंधारांत पडद्यावर बोट फिरवीत राहणाऱ्या वडिलांचा उपदेश मूल कां ऐकेल?

झोंपेइतकीच उजेडाची गोष्ट महत्त्वाची आहे, व तिच्याकडे आपलें लक्ष त्याहूनही कमी आहे. डोळे पाहण्यासाठीं आहेत हें आपण जाणतों. पण डोळ्याच्या पडद्यांत कांहीं पेशी अशा आहेत कीं त्या स्वतः प्रकाश ओळखतात आणि दिवस उगवल्याची वर्दी मेंदूंतील घड्याळास देतात, हें इ. स. २००२ मध्यें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. शरीरांतील हें घड्याळ पेशींच्या आंत कसें चालतें याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांस इ. स. २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां प्रकाश मोजण्याचें परिमाण लक्स हें आहे. आपल्या घरांत दिवे लावले असतां साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. भर उन्हांत तो १,००,००० लक्सपर्यंत जातो. आणि आकाश ढगांनीं भरलेलें असतांही उघड्यावर बहुधा हजारांनींच मोजावा लागतो. म्हणजे आषाढांतील कोंदट सकाळीं सुद्धां दिव्याखालीं बसण्यापेक्षां गॅलरींत, ओट्यावर किंवा गच्चीच्या दारांत उभें राहणें कितीतरी पटीनें बरें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं इ. स. १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत रोग्याला स्वच्छ हवेच्या खालोखाल उजेडाची गरज असते असें प्रतिपादन केलें आहे. तेव्हां या पेशींचा पत्ताही कोणास नव्हता. आपल्याकडे औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा हिरिरीनें प्रसार केला, त्यांतही सकाळचा उजेड व व्यायाम हीं दोन्ही आपोआप साधतात. ज्यांना नमस्कार घालावयाचे नसतील त्यांनीं निदान सकाळचें दूध तरी खिडकीशीं उभें राहून घ्यावें.

यापुढचा मुद्दा मुलांना पटविणें सर्वांत अवघड जातें. ‘मन लागलें कीं करीन’ असें जो तो म्हणतो. अनुभव याच्या उलट आहे. आधीं करावें, मग मन लागतें. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें इ. स. १८८४ मध्यें असें मत मांडलें कीं, आपण भावनेला कारण समजतों व शरीराच्या हालचालीस तिचा परिणाम. वस्तुतः शरीर आधीं बदलतें आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. हें मत जसेंच्या तसें आज सर्व शास्त्रज्ञ स्वीकारीत नाहींत. परंतु १९७० नंतरच्या दशकांत पीटर लेविन्सन यांनीं याच दिशेनें एक उपयुक्त गोष्ट पुढें मांडली. खिन्न माणूस आवडीचीं कामें सोडतो. तीं सुटलीं कीं आनंदाचे प्रसंग कमी होतात. ते कमी झाले कीं खिन्नता वाढते. हें चक्र मनाची समजूत घालून थांबत नाहीं, लहानसें काम हातीं घेतल्यानें थांबूं लागतें.

काम लहानसें असावें, हें येथें विसरूं नये. दुःखी मुलाला ‘आजपासून पहाटे पांचला ऊठ’ असें सांगणें म्हणजे लंगड्याला डोंगर दाखविणें होय. तोंडावर पाणी मारावें. शक्य तर ऊन पाण्यानें स्नान करावें व धुतलेले कपडे घालावेत. आईशेजारीं बसून शेंगा सोलाव्यात, कुंडींतील माती उकरावी, सायकलची साखळी पुसून तीस तेल द्यावें. ज्या कामाचा आरंभ व शेवट दोन्ही डोळ्यांस दिसतात असें काम यासाठीं उत्तम. गणिताचें प्रकरण तसें नसतें, तें मागाहून.

कोणाला गाण्यानें बरें वाटतें. शौल राजाची अस्वस्थता दाविदाच्या वीणेनें शमत असे, ही कथा विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. मात्र ऐकण्यापेक्षां स्वतः गाणें अधिक गुणकारी, मग तें स्तोत्र असो वा भजन, आणि गळा बेसूर असला तरी स्नानगृहाचें दार लावून घेतां येतें. कोणाला लिहिण्यानें मोकळें वाटतें. जेम्स पेनेबेकर यांनीं इ. स. १९८६ मध्यें महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस लागोपाठ चार दिवस पंधरा पंधरा मिनिटें आपल्या मनांतील जुन्या दुःखाबद्दल लिहावयास लावलें. लिहिल्याबरोबर त्यांचें मन जडच झालें. परंतु ज्यांनीं घटना व भावना दोन्ही लिहिल्या त्यांस पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळां चढावी लागली. अशी वही कोणी चोरून वाचूं नये, एवढी सभ्यता घरच्यांनीं पाळली पाहिजे.

‘आमच्या वेळीं हीं थेरें नव्हतीं’ असें कांहीं वडीलमंडळी म्हणतील. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, आपल्या वेळीं हें सर्व होतें, फक्त त्याला नांव नव्हतें. दिवेलागणीला सर्वांनीं एकत्र येणें, शुभंकरोति व परवचा, ख्रिस्ती घरांतून रात्रीची कौटुंबिक प्रार्थना, जेवणानंतर ओट्यावरील गप्पा, या गोष्टींनीं ठराविक वेळ, माणसांची सोबत व मनाला विसांवा हीं न मागतां मिळत. आपण काटक होतां म्हणून सर्व सोसलें असें नव्हे. घराची घडीच तशी होती. अर्थात् ती घडी सर्वांनाच सुखाची होती असेंही आम्ही म्हणत नाहीं. त्याच घरांतून कित्येक सुना विहिरीवर एकट्या रडत असत व त्यांच्या मनाची वास्तपुस्त करण्याचें कोणाच्या मनांतही येत नसे.

येथें एक मर्यादा स्पष्ट सांगणें अवश्य आहे. वरील उपाय नित्याच्या उदासीनतेवर आहेत, आजारावर नाहींत. मूल दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज खिन्न असेल, आवडत्या खेळांतही त्याचें चित्त रमत नसेल, झोंप व भूक बिघडली असेल, तर त्यास डॉक्टरांकडे न्यावें. आणि ‘मी नसतों तर बरें झालें असतें’ अशा अर्थाचा शब्द त्याच्या तोंडून निघाला तर दोन आठवडेही थांबूं नये. तें बोलणें नाटकी समजून हसण्यावारी नेऊं नये, आणि त्याला एकटें सोडूं नये. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. ताप आला तर आपण लाजत नाहीं. मनाच्या दुखण्याची लाज धरून किती घरांनीं केवढें मोल दिलें आहे!

आतां विद्यार्थ्यांसाठीं एकच गोष्ट राहिली. घरांत खिन्न होण्याचा हक्क फक्त तुम्हांसच आहे असें नाहीं. आई कधीं कधीं गप्प असते, भाजी फोडणीस टाकून खिडकीबाहेर पाहात राहते, आणि विचारलें तर ‘कांहीं नाहीं’ म्हणते. तिला उपदेश करणारें कोणी नसतें हें खरें. पण भाकर आणून देणारेंही कोणी नसतें. पुढच्या रविवारीं दुपारीं चहा तुम्ही करा, भांडीं तुम्हीच विसळा, आणि दोन तास तिला कोणी हांक मारणार नाहीं अशी व्यवस्था ठेवा. पहिल्या वेळीं साखर थोडी जास्त पडेल. ती कांहीं बोलणार नाहीं.