घरगुती शास्त्र : पावसाळ्यांत अडणारी जुनी मोटार

मृगाच्या सरी सुरू झाल्या म्हणजे, ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची फियाट अथवा प्रीमियर पद्मिनी अद्याप जपलेली आहे, त्यांजकडून एक तक्रार हटकून ऐकूं येते. सकाळीं गाडी लवकर सुरू होत नाहीं. झालीच तर ठसकत चालते. कांहीं वेळानें आपोआप सुधारते. आणि मेकॅनिककडे नेली तर तेथें एखाद्या गुणी मुलासारखी वागते! वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही १०८९ घनसेंटिमीटरची गाडी २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या टॅक्सींतूनही निवृत्त झाली. परंतु अनेक कुटुंबांत ती अद्याप घरचीच आहे. अशी गाडी ऐन घाटांत, धुक्यांत, मागून ट्रक येत असतां थांबली, तर आंत बसलेल्या मुलांमाणसांवर कोणता प्रसंग येईल, हें सांगणें नलगे.

प्रथम कारण पाहूं. बॅटरीचा विजेचा दाब अवघा १२ व्होल्ट. कॉइल तो कित्येक हजार व्होल्टांपर्यंत चढविते, आणि डिस्ट्रिब्यूटर ती वीज चार तारांनीं चार प्लगांस पाळीपाळीनें वाटतो. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां सेकंदास १०० ठिणग्या पडाव्या लागतात. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावर किंवा जुन्या तारांवर धूळ व तेलकटपणा असला, तरी कोरड्या हवेंत तो उपद्रव देत नाहीं. ओल धरली कीं तोच मळ विजेस वाट करून देतो. चढावर पेट्रोल-हवेचें मिश्रण सिलिंडरांत अधिक भरतें, दाब वाढतो, व प्लगाच्या फटींतून उडी मारणें विजेस कठीण होतें. मग ती बाहेरची सोपी ओली वाट धरते. म्हणून गाडी अंगणांत नीट चालते आणि घाटांत अडते. इंजिन तापलें म्हणजे ओल उडून जाते, आणि मेकॅनिक येईतों रोगाचें चिन्हही उरत नाहीं.

अशा लपंडाव खेळणाऱ्या दोषास आपल्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीत उत्तम लागू पडते. कारण असेल तेथें कार्य, कारण नसेल तेथें कार्य नाहीं, असें दोन्ही बाजूंनीं दिसलें तरच निदान खरें. एकाच दिवशीं प्लग, कॉइल व कार्ब्युरेटर बदलले आणि दुसऱ्या दिवशीं ऊन पडलें, तर गाडी कशानें सुधारली? हा केवळ काकतालीय न्याय. पैसे मात्र खरेच गेले.

प्रयोग असा करावा. गाडी मोकळ्या जागेंत उभी करावी. बंद गॅरेजांत कदापि नको, कारण धुरांतील विषारी वायूस वास नसतो. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून, अंधार पडल्यावर इंजिन सुरू करावें व बॉनेट उघडून दुरून पाहावें. निळसर ठिणग्या तारांवरून किंवा झाकणावरून सरपटतांना दिसल्या, तर चोर सांपडला. न दिसल्यास, इस्त्रीच्या वेळीं कपड्यांवर पाणी उडवितों त्या बाटलीनें बारीक तुषार एका वेळीं एकाच ठिकाणीं सोडावे : प्रथम तारा, मग झाकण, मग कॉइल. ज्या ठिकाणीं पाणी पडतांच इंजिन अडखळेल, तेथें संशय धरावा. चालत्या इंजिनाच्या तारांस हात लावूं नये. पदर, ओढणी व बाह्या पंख्यापासून दूर ठेवाव्या.

नंतर इंजिन बंद करून झाकण काढावें. आंत पेन्सिलीनें ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर तो विजेनें जाळलेला मार्ग होय. पुसून किंवा खरडून भागत नाहीं, झाकणच बदलावें. रेघ नसेल तर कोरड्या फडक्यानें तें आंतबाहेर स्वच्छ करावें. चिरा गेलेल्या तारा मात्र चारही नव्या घालाव्या. पुन्हां तेथेंच तुषार सोडून पाहावें. इंजिन आतां न अडखळल्यास व्यतिरेकही सिद्ध झाला.

सर्व कोरडें असूनही गाडी अडत असेल, तर इंधनाकडे वळावें. ठिणगीचा दोष बहुधा झटक्यानें जाणवतो. इंधनाचा दोष हळूहळू शक्ति हिरावतो. अलीकडे पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, व तें पाणी शोषून घेतें. गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास टाकीच्या तळाशीं पाण्याचा व इथेनॉलाचा वेगळा थर जमूं शकतो. थोडें इंधन कांचेच्या बाटलींत काढून स्थिर ठेवावें. खालीं थर दिसल्यास टाकी रिकामी करवून घ्यावी. हें काम ज्वालाग्राही म्हणून मेकॅनिकवरच सोंपवावें.

मेकॅनिककडे जातांना केवळ "गाडी अडते" असें सांगूं नये. केव्हां, किती वेळ, चढावर कीं सपाटीवर, पावसांत कीं पावसानंतर, याची टिपणी वहींत ठेवावी. वैद्यास रोग्यानें दिलेली अशी हकीकत अर्धी चिकित्साच असते. आणि हें सर्व वर्षासहलीच्या आदल्या रात्रीं नव्हे, तर मृग लागण्यापूर्वींच उरकावें.