जात पाळणारा सज्जन, जात दाखवणारा 'जातीयवादी'?

कॉलेजात नाहीतर ऑफिसात जातीचा प्रश्न काढून बघा. शिष्यवृत्ती का अडली? अनुशेष का भरला नाही? खोली भाड्याने देताना आधी आडनाव का विचारता? एवढे विचारले की शिक्का तयार: 'तुम्ही लोक जातीयवादी!' आडनाव विचारून दार लावणारा घरमालक मात्र सज्जन. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच. या अन्यायात भाषेचाही हात आहे.

इंग्रजीतला 'इझम' हा प्रत्यय मुळात ग्रीक, आणि त्याची कामे अनेक. सोशॅलिझम, मार्क्सिझम म्हणजे विचारप्रणाली. हिरोइझम म्हणजे वागण्याची तऱ्हा. अल्कोहोलिझम म्हणजे व्यसनाचा आजार. रेसिझम, सेक्सिझम, कास्टिझम म्हणजे माणसाला जन्मावरून हीन ठरवून त्याचे हक्क हिरावणारा भेदभाव. प्रत्यय एकच, पण कुठे तो औषधाला लागतो, कुठे रोगाला.

मराठीत आपण यातल्या बहुतेकांना 'वाद' चिकटवला. समाजवाद, वंशवाद, जातीयवाद, सगळे एका रांगेत! त्यात आपल्याकडे वाद म्हणजे भांडणही. म्हणून 'जातीयवाद' ऐकले की जातीवरून भांडण काढणे, असा अर्थ डोक्यात बसतो. मग भांडण काढणारा कोण? तक्रार करणारा! जात पाळणाऱ्याला आवाज चढवावाच लागत नाही, व्यवस्था त्याच्या बाजूने उभी असते. तो गप्प राहून जात चालवतो आणि आपण बोललो की गुन्हेगार आपणच.

बाबासाहेबांनी हा घोळ ठेवला नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व वर्गांत पसरलेली आहे, असा खुलासाही त्यांनी तिथेच केला. म्हणजे 'इझम'चा रोख माणसाच्या जन्मावर नाही, त्याच्या वागण्यावर आणि व्यवस्थेवर. ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. पोटजात बघून सोयरीक जुळवणारा गळ्यात निळा दुपट्टा घालत असला तरी तो जातच चालवतो.

शब्दाचा अर्थ ठरवणे हीसुद्धा सत्ता आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका तरुण कृष्णवर्णीय पदवीधर मुलीने मेरियम-वेबस्टर शब्दकोशाला लिहिले की, लोक तुमची व्याख्या पुढे करून रेसिझम म्हणजे केवळ एखाद्याच्या मनातला आकस असे सांगतात, त्यामागची व्यवस्था झाकली जाते. संपादकांनी व्याख्या अधिक स्पष्ट करायचे कबूल केले. एका मुलीचा ईमेल हे करू शकतो, तर आपण काय करत आहोत?

म्हणून यापुढे कोणी 'जातीयवादी' म्हटले की चिडू नका, विचारा: मी जातीवरून कोणाचा कोणता हक्क हिरावला? उत्तर मिळणार नाही. आणि आपण लिहिताना 'जातीयवाद' असे गोलमोल न लिहिता जातिभेद, जातीय अत्याचार, जातवर्चस्व असे नेमके लिहा.

राहिला आपला 'वाद'. आंबेडकरवाद ही विचारप्रणाली आहे, भक्तिसंप्रदाय नाही. १९४३ मध्ये पुण्यात रानडे जयंतीच्या भाषणात विभूतिपूजेवर टीका करणारे बाबासाहेबच होते. आपल्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी 'जय भीम' हे अभिवादन रूढ केले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले आणि १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते विधिमंडळात निवडून गेले. कन्हान नदीकाठी दरवर्षी त्यांना अभिवादन करायला जमणाऱ्या तरुणांनी एवढे ध्यानात ठेवावे: 'जय भीम' म्हणायला एक क्षण लागतो, आंबेडकरवादी व्हायला वाचावे लागते, संघटित व्हावे लागते आणि आपल्या घरातली जात आधी मोडावी लागते.

जय भीम!